फोनला फोन भिडविण्यापूर्वी

ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आयओएस १७ ही आयफोनची नवी प्रणाली आणली. तिच्यात 'नेमड्रॉप' ही सोय आहे. दोन आयफोनची वरची टोके जवळ आणली की पडद्यावर नाव झळकते आणि नंबर वा ई-मेल एकमेकांना देता येतो. थोडक्यात, व्हिजिटिंग कार्डाचेच काम. फोनमध्ये ही सोय आधीपासूनच चालू ठेवलेली असते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ओहायो, मिशिगन आदी राज्यांतील पोलिसांनी पालकांना फेसबुकवरून सावध केले की, मुलांच्या फोनवरील ही सोय बंद करावी. त्यातून असा समज पसरला की कोणी जवळून नुसता गेला तरी नंबर चोरीला जातो. आमच्या मते ही भीती अवास्तव होती. कुलूपबंद फोनवर नेमड्रॉप चालत नाही. फोन उघडा असला तरी मालकाने 'शेअर' दाबल्याशिवाय काही जात नाही. नको असल्यास फोन दूर न्यावा किंवा बंद करावा.

मग पोलीस चुकले काय? अगदीच नाही. 'शेअर' दाबणारे बोट मोठ्या माणसाचेच असेल असे या योजनेत गृहीत धरले आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल चमकणारा पडदा पाहून आधी बटण दाबते, मग विचारते. सेटिंग्ज, जनरल, एअरड्रॉप असे जाऊन 'ब्रिंगिंग डिव्हायसेस टुगेदर' बंद केले की हा प्रश्न मिटतो. काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

व्यापारी बंधूंचा खरा धोका मात्र वेगळा आहे, आणि तो कोणत्याही कंपनीच्या फोनला लागू पडतो. गल्ल्यावरचा फोन मूल रडू लागले की त्याच्या हाती दिला जातो. ते एखादा खेळ उतरवते, खेळ 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी मागतो आणि मूल 'अलाऊ' दाबते. नेमड्रॉपमध्ये एक नंबर जातो. येथे गिऱ्हाइके, घाऊक व्यापारी, कामगार, लेकी-सुना, सर्वांचे नंबर एकदम जातात. त्यांना कोणी विचारलेलेही नसते! उधारीची वही आपण अनोळखी माणसाच्या हाती देत नाही.

अशा यादीचे काय होते हे झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी दाखवून दिले. हप्ता थकला की वसुलीवाले कर्जदाराच्या नातलगांना आणि ओळखीच्यांना फोन करून त्याची बेअब्रू करीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये निर्देश काढून कर्जाच्या ॲपना संपर्क यादी व कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. पण ही मनाई कर्जाच्या ॲपपुरती आहे, खेळांना ती लागू नाही.

म्हणून सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी' विभागात जाऊन कोणाकोणाला 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी आहे ते वाचकांनी आजच पाहावे. खेळ आणि टॉर्चसारख्या ॲपची परवानगी सरळ काढून टाकावी. आयओएस १८ पासून आयफोनवर निवडक नंबरच दाखविण्याचीही सोय आहे. जमल्यास मुलांसाठी एखादा जुना फोन वेगळा ठेवावा, त्यात सिम नको आणि नंबरही नकोत.