दिल्लीत मोबाइलमध्ये काय घ्यायचं, आणि कशाचे पैसे द्यायचे

यूपीएससीच्या तयारीसाठी राजिंदर नगरात उतरला असाल किंवा गुरुग्राम-नोएडात नोकरीला लागला असाल, तर पहिल्याच आठवड्यात पाच-सहा अ‍ॅप्स लागतील. त्यातली बहुतेक सरकारी आहेत, फुकट आहेत. तुमचा खिसा रिकामा होतो तो दुसरीकडे.

आधी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलाय का ते बघा, कारण पुढची निम्मी अ‍ॅप्स त्याच्या ओटीपीवर उघडतात. जुना नंबर बंद पडला असेल तर जवळच्या कोणत्याही आधार सेवा केंद्रात स्वतः जा. गावच्या केंद्रात जायची गरज नाही, कागदपत्रं लागत नाहीत. शुल्क ७५ रुपये. जास्त मागितले तर पावती मागा. मग डिजिलॉकर घ्या आणि लायसन्स, आरसी, गुणपत्रिका त्यात आणा. वाहतूक पोलिसांना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स चालतं. गॅलरीतला फोटो चालत नाही.

मेट्रोचा खर्च नीट समजून घ्या, तो रोजचा आहे. ऑगस्ट २०२५ पासून भाडं ११ ते ६४ रुपये आहे. १२ ते २१ किलोमीटरला ४३. स्मार्ट कार्डावर प्रत्येक प्रवासाला १० टक्के सूट मिळते. सकाळी आठच्या आत, दुपारी बारा ते पाच किंवा रात्री नऊनंतर प्रवास केलात तर आणखी १० टक्के. कार्डासाठी ५० रुपये अनामत द्यावी लागते. ती टाळायची तर दिल्ली मेट्रोच्या (डीएमआरसी) सारथी अ‍ॅपमधलं अनेक फेऱ्यांचं क्यूआर तिकीट घ्या: सुरुवातीला १५० रुपये भरायचे, अनामत नाही, सूट तीच. महिन्याला ४३ रुपयांच्या ५० फेऱ्या धरल्या तर साध्या सुटीतच २१५ रुपये वाचतात. व्हॉट्सअ‍ॅपवरही तिकीट मिळतं, पण ते रद्द होत नाही आणि बँकेच्या कार्डाने पैसे भरले तर वर शुल्क लागतं. यूपीआयने भरा.

नोएडात घर बघत असाल तर आणखी एक. तिथली अ‍ॅक्वा लाइन वेगळी कंपनी चालवते. ब्लू लाइनवर सेक्टर ५२ ला उतरायचं, सेक्टर ५१ पर्यंत चालायचं आणि दुसरं तिकीट काढायचं. घरमालक ‘मेट्रोजवळ’ म्हणाला तर कोणती लाइन, हे विचारा आणि दोन्ही भाडी मिळून हिशेब करा.

गावी जायच्या गाडीसाठी रेलवन किंवा आयआरसीटीसी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. यूपीआयने पैसे भरले तर प्रत्येक तिकिटाला सुविधा शुल्क १० रुपये, एसीला २०. कार्डाने १५ आणि ३०. वर जीएसटी. तिकीट रद्द केलं तरी हे शुल्क परत मिळत नाही. तत्काळ एसीचं दहाला, बाकीचं अकराला उघडतं आणि जुलै २०२५ पासून त्याला आधार पडताळणी लागते. ती आदल्या दिवशीच करून ठेवा. विमानाने जाणार असाल तर डिजियात्रा फुकट आहे, रांग कमी लागते. पण ती ऐच्छिक आहे, ओळखीसाठी चेहरा द्यायचा नसेल तर साध्या रांगेतून जा.

ऑक्टोबर ते जानेवारी ‘समीर’ अ‍ॅप हवंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे, फुकट आहे. हवेचा निर्देशांक ३०० च्या वर गेला की दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांनी बाहेरचं धावणं-खेळणं बंद ठेवावं. एमएच पासिंगची बीएस-४ डिझेल गाडी सोबत आणली असेल तर ग्रॅपचा (प्रदूषण वाढलं की लागणाऱ्या निर्बंधांचा) तिसरा टप्पा लागलाय का तेही रोज बघा; तेव्हा ती दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडात चालवता येत नाही.

आता खिशाला पडणारी भोकं. दहा मिनिटांत किराणा आणणाऱ्या अ‍ॅपवर दुधाची एक पिशवी मागवू नका. हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरचं शुल्क, पावसाचं किंवा गर्दीचं शुल्क असं सगळं शेवटच्या पानावर येतं. बिल उघडून बघा, मगच पैसे द्या. न मागता टाकलेली देणगी किंवा विमा काढून टाका. अशा चोरट्या भरतीवर सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे.

‘सात दिवस मोफत’ म्हणणारी अ‍ॅप्स आधी यूपीआय ऑटोपेची परवानगी घेतात. अ‍ॅप काढून टाकल्याने ती जात नाही. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना ढिगाऱ्यात हरवते. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी आजच उघडा आणि नको ते रद्द करा.

करमणुकीला पैसे लागतातच असं नाही. बुद्धिबळासाठी लिचेस: जाहिरात नाही, शुल्क नाही. पक्ष्यांसाठी मर्लिन: आवाज ऐकवला की नाव सांगतं. हिवाळ्यात सुलतानपूर किंवा ओखल्याला पक्षी बघायला जाल तेव्हा भारताचा संच आधी उतरवून घ्या, मग तिथे नेट लागत नाही. संगणकावर लिबरऑफिस आणि व्हीएलसी ठेवा. दोन्ही फुकट; रस्त्यावरून चोरीचं ऑफिस टाकून घेऊ नका. मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअरही विकत घेऊ नका, विंडोज १० पासून पुढे मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं चलान’ म्हणून आलेली एपीके फाइल कधीही उघडू नका. चलान फक्त परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहनवर बघा. वर सांगितलेल्या लपवलेल्या शुल्कांची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करा, ती फुकट आहे. पैसे खात्यातून गेलेच तर बँकेच्या शाखेत जाण्याआधी, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.