मूत्रपिंडाचा विकार आणि ताटातला मासा

घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार जडला, की मासे खाणाऱ्या कुटुंबात पहिला प्रश्न निघतो, "आता मासे बंद का?" उत्तरासाठी आधी मूत्रपिंडाचे काम पाहू.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक द्रव पुन्हा रक्तात शोषला जातो आणि दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडते. त्याबरोबर युरिया, जादा सोडियम, पोटॅशियम व फॉस्फरस निघून जातात. गाळण्या निकामी झाल्या, की हेच पदार्थ रक्तात साठतात.

आता थोडे गणित करू. १०० ग्रॅम ताज्या बांगड्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ३.२ ग्रॅम. युरियात नायट्रोजन ४७ टक्के असतो. तेव्हा ही सर्व प्रथिने शरीरात जळली, तर सुमारे ७ ग्रॅम युरिया तयार होईल. तो बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे!

मग मासा वर्ज्यच का करू नये? कारण प्रथिनांवाचून शरीराची झीज भरून निघत नाही, स्नायू खंगतात. माशाच्या प्रथिनांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले असतात. म्हणून प्रश्न बंदीचा नसून मापाचा आहे. डायलिसिस सुरू नसलेल्या प्रौढ रुग्णाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिने सांगतात. डायलिसिसवरील रुग्णाला मात्र १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण त्या क्रियेत काही अमिनो आम्ले रक्तातून निघून जातात. एकाच घरातील दोन रुग्णांचे पथ्य असे परस्परविरुद्ध असू शकते.

सुक्या मासळीबाबत अधिक सावध राहावे लागते. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असते. तो वाळला, की पाणी उडते. प्रथिने व फॉस्फरस तेवढेच राहतात. म्हणून समान वजनाच्या सुक्या बोंबलात ते कितीतरी पट भरतात. लहान सुकी मासळी काट्यांसकट खाल्ली, तर काट्यांतील फॉस्फरसही पोटात जातो. रक्तात फॉस्फरस वाढला, की हाडांतील कॅल्शियम कमी होऊन ती ठिसूळ बनतात. खाऱ्या बांगड्यात याशिवाय मिठाची भर पडते. त्याने तहान, सूज व रक्तदाब वाढतो. भिजवून पाणी फेकल्यास थोडे मीठ जाते, सगळे नाही.

थोडक्यात, पथ्यात मासा बसतो तो ताजा, मोजका आणि कमी मिठाचा. माप मात्र रुग्णाची रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे.

सोडवून पाहा : ५० किलो वजनाच्या रुग्णाला दर किलोमागे ०.६ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. त्याने ५० ग्रॅम ताजा बांगडा खाल्ला, तर भात, भाकरी, डाळ व दूध यांसाठी किती ग्रॅम प्रथिने उरतील?
(उत्तर : २० ग्रॅम)