पुण्याच्या रात्री का तापल्या?

प्रश्न : आम्ही १९८४ पासून कोथरूडला राहतो. पूर्वी मे महिन्यातही पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची. आता रात्रभर पंखा लावूनही अंगाची काहिली होते. हे सगळं बांधकामांमुळेच झालं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सगळं नाही, पण बरंचसं. तुम्ही आठवण पहाटेची सांगितलीत, आणि शहराचा हात नेमका तिथेच दिसतो.

दुपारच्या पाऱ्यावरून याचा उलगडा होत नाही. पुण्यात ४३.३ अंशांची नोंद ३० एप्रिल १८९७ ची आहे आणि तेव्हा कोथरूड हे खेडं होतं. उन्हाळ्यात शहराबाहेरचं उघडं माळरान भर दुपारी शहराइतकंच, कधी जास्तही तापतं. फरक पडतो तो दिवस मावळल्यावर. माळ लवकर निवतो. सिमेंट आणि डांबर मात्र दिवसभर मुरलेली उष्णता सावकाश सोडत राहतात. रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. इमारती दाटीने उभ्या असल्या, की ही उष्णता वर आकाशात निघून जाण्याऐवजी समोरच्या भिंतीवर पडते. त्यात एसीचे गरम झोत. हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या रात्री आसपासच्या गावांपेक्षा उबदार असतात, हे दोनशे वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं होतं.

झाडं तोडल्याने फक्त सावली जात नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी पानांतून सोडलं, तर साठाहून जास्त युनिट उष्णता तिथल्या तिथे शोषली जाते. रात्री गणेशखिंड रस्त्याने स्कूटरवरून जाताना विद्यापीठाच्या झाडीजवळ अंगाला गारवा लागतो, तो उगाच नाही.

तरीही सगळं खापर इमारतींवर फोडता येत नाही. समुद्रावर वस्ती नाही, तरी समुद्र तापतो आहे. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंशाने जास्त तापलेली होती. त्याचं मुख्य कारण कोळसा आणि तेल. हवामान केंद्रांभोवती शहरं वाढली म्हणून तापमानवाढ भासते, हा दावाही टिकत नाही. शास्त्रज्ञ शहरी केंद्रांच्या नोंदी तपासून, दुरुस्त करूनच हिशेबात धरतात.

जगाचा वाटा पुणे एकट्याने कमी करू शकणार नाही. आपला मात्र करू शकतं, आणि वेळ अजून गेलेली नाही. २०२१ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांत ओढे आहेत, विहिरी आहेत, बांधांवर जुनी झाडं आहेत. ओढे पाइपात घालून वर रस्ते केले, तर तिथल्या रात्रीही कोथरूडसारख्याच होतील. विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवाव्यात असं कायदाच सांगतो. तुमच्या भागातला ओढा नकाशावर कुठे आहे ते शोधा आणि हरकत लेखी द्या.