गरजेची पारख

पेढीसाठी संगणक-प्रणाली करवून घेताना पैशाआधी गरजेचा हिशेब मांडावा लागतो. सन १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या प्रणालींच्या उभारणीवर निबंध लिहिला. त्यातील पायऱ्यांची रीत पुढे रूढ झाली : प्रथम सर्व गरजा लिहावयाच्या, मग आराखडा, मग आज्ञावली, शेवटी चाचणी. वस्तुतः ही सरळ रीत जोखमीची आहे, ग्राहकास आरंभापासून सामील करून घ्यावे, असे रॉइस यांनीच बजाविले होते. तिकडे दुर्लक्ष झाले. विश्लेषक गरजांचे बाड करी, ग्राहक सही करी, आणि तयार काम पाहून ‘हे मागितलेच नव्हते’ असे म्हणे.

सन २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जाणकारांनी ‘अजाइल’ जाहीरनामा काढला, आणि थोडे करून दाखवावे, मग सुधारावे, ही रीत पसरली. गरजांचा शोध आरंभापुरता न राहता नित्याचा झाला.

व्यापारी म्हणतो, ‘उधारीची यादी हवी.’ जाणता विश्लेषक विचारतो, ‘ती पाहून आपण काय करणार?’ तेव्हा उमगते की, हवी आहे ती यादी नव्हे, तर माल देण्यापूर्वीची सूचना. मालक, मुनीम, वसुलीदार यांना एकाच उधारीच्या निराळ्या बाजू दिसतात. अनेकान्ताचा वारसा लाभलेल्या आपणांस हे पटण्यास कठीण नाही.

म्हणून प्रणालीचे काम केवळ पैसे देऊन सोपवू नये. मालकाने मुनिमासह दर आठवड्यास एक तास त्यासाठी द्यावा. तीच खरी बचत होय.