शोधत आलेला अनेसिफर

शास्त्रवाचन : 2 तीमथ्य 1:15-18, 4:9-21



रोममधल्या पहिल्या कैदेत पौल भाड्याच्या घरात राहत होता आणि भेटायला येणाऱ्या सर्वांचे स्वागत करीत होता (प्रेषितांची कृत्ये 28:30). या वेळी मात्र त्याला शोधावे लागत होते. आसियातल्या लोकांनी पाठ फिरवली होती. पहिल्या जबाबाच्या वेळी कोणीही त्याच्या बाजूने उभे राहिले नव्हते. अशा दिवसांत अनेसिफर रोमला आला. एका कैद्याची ओळख सांगायला तो लाजला नाही. चौकशी करीत त्याने पौलाला गाठले आणि थकलेल्या जिवाला पुन्हापुन्हा धीर दिला. त्याने केलेला एकही उपदेश शास्त्रात नाही; त्याचे हे शोधत येणे मात्र लिहून ठेवले आहे.

आता चौथा अध्याय पाहा. पौल तीमथ्याकडून त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके मागवतो. थंडी जवळ येत होती, झगा हवाच होता. पण झगा तो एकदा मागतो. ‘तू ये’ असे मात्र दोनदा सांगतो (वचने 9 व 21).

हा फरक मला मोखाड्याकडच्या एका पाड्यावर कळला. दिवाळीनंतर तिथली तरुण कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे म्हातारी माणसे राहतात. गेल्या जानेवारीत आम्ही तुमच्या देणगीतून घेतलेली ब्लँकेटे वाटली. एका आजीने मला बसायला सांगितले. माझ्या यादीत अजून बरीच घरे होती. मी अंगठा घेतला आणि निघालो. महिन्याने पुन्हा गेलो, तेव्हा ती म्हणाली, “तू ब्लँकेट दिलंस, बाबा. ऊब आहे त्याला. पण माझं नाव नाही विचारलंस.”

यादीत नाव होते. मीच ते वाचले नव्हते.

त्या दिवशी मी बसलो. कोरा चहा घेतला. माझ्या मोबाइलवरून भट्टीवरच्या मुलाशी तिचे बोलणे करून दिले. पुढच्या आठवड्यात आमची एक ताई तिच्यासोबत पेन्शनसाठी बँकेत गेली. याला खर्च फारसा आला नाही, वेळ मात्र लागला.

ब्लँकेटे लागतातच, ती पाठवणे थांबवू नका. पण विसरलेला माणूस आपल्या दारी येऊन आठवण करून देत नाही. त्याच्याकडे आपल्यालाच जावे लागते.

मननासाठी :
1. आपल्या मंडळीत पूर्वी नियमित येणारे, पण आता दिसत नाहीत असे कोण आहे? त्यांचे नाव लिहा.
2. या आठवड्यात त्यांच्याकडे कधी जाल? वार ठरवा.

प्रार्थना : प्रभू, आमच्या यादीतल्या प्रत्येक नावामागचा माणूस आम्हांला दिसू दे. त्याच्या दारात थोडे थांबायला आम्हांला शिकव. आमेन.