आधी कागद काढ बघू

अगं, एवढी रडकुंडीला कशाला येतेस? दवाखान्याच्या डेटाबेसमध्ये २२ टेबलं झाली, त्यांतली निम्मी कशासाठी केली ते तुलाच आठवत नाही, आणि साहेबांना सोमवारी दाखवायचंय. एवढंच ना? लॅपटॉप मिट. चहा घे. आणि तो पाठकोरा कागद दे इकडे.

खरं सांगू का, माझा पहिला डेटाबेस म्हणजे नुसती खिचडी होती. गल्लीतल्या एका वाचनालयाचं काम. मी एकच लांबलचक टेबल केलं: सभासद, पत्ता, फोन १, फोन २, पुस्तक, लेखक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. तोऱ्यात दाखवलंसुद्धा! मग एका काकूंनी घर बदललं. त्यांनी तोवर ६० पुस्तकं नेलेली, म्हणजे पत्ता ६० ओळींत. मी ५८ ठिकाणी बदलला. आणि ज्यानं वर्गणी भरली पण पुस्तक अजून नेलं नाही, त्याला माझ्या टेबलात जागाच नाही. बिचारा पावती घेऊन दारातच उभा.

खरी फजिती पुढेच. ग्रंथपाल काका म्हणाले, "श्यामची आईच्या पाच प्रती आहेत आपल्या. त्यांतली पानं सुटलेली कुणाकडे गेलीय?" मी गप्प. माझ्याकडे 'पुस्तक' होतं, 'प्रत' नव्हतीच गं! बघ हं, नाव आणि लेखक हे पुस्तकाचं. दाखल क्रमांक, सुटलेली पानं, कपाट हे प्रतीचं. पुस्तक एक, प्रती अनेक, आणि सभासद घरी नेतो ती प्रत. काका हे रोज हातानं करत होते. मी टेबल दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली होती, कारण कॉलमची ती रांग त्यांना काय कळणार? दोन चौकोन काढून दाखवले असते तर त्यांनी तिथल्या तिथे चूक धरली असती. मी काढलेच नाहीत. चित्रात वेळ जातो म्हणे! नंतर सगळं पाडून पुन्हा बांधण्यात किती गेला ते विचारू नकोस.

टेबलांआधी चौकोन काढून बघायची ही रीत पीटर चेन यांनी १९७६ साली एका निबंधात मांडली. वस्तूला चौकोन, नात्याला शंकरपाळी. हसू नकोस, आकार अगदी तोच आहे. पुढे त्यांनीच इंग्रजी वाक्यं घेऊन दाखवलं की नामाचा होतो चौकोन आणि सकर्मक क्रियापदाची शंकरपाळी. मराठीलाही ते छान बसतं. 'सभासद प्रत नेतो.' दोन चौकोन, मधे 'नेतो'ची शंकरपाळी. शाळेत व्याकरणाला नाक मुरडायचीस ना?

आता सांग, नेल्याची तारीख कुणाची? सभासदाची म्हणावी तर त्यानं कितीतरी प्रती नेल्या. प्रतीची म्हणावी तर ती कितीजणांकडे जाऊन आली. तारीख त्या 'नेण्या'ची. दोन्हीकडे 'अनेक' आलं की मधे तिसरं टेबल घालायचं. आपण त्याला देवघेव म्हणू. त्यात सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि तारखा. तीच काकू तीच प्रत पुन्हा नेऊ शकते, म्हणून प्रायमरी कीमध्ये तारीखही घे. इथं मी दुसऱ्यांदा आपटले होते.

बाकी किरकोळ. वय साठवू नकोस, जन्मतारीख ठेव. ऑफिसात शंकरपाळीऐवजी रेघेच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखी तीन बोटं दिसली तर घाबरू नकोस, ती बोटं असतात त्या बाजूला 'अनेक'. आणि भिंतभर नकाशाही नको, तो कुणी बघत नाही.

आता तुझं बघू. रुग्ण, डॉक्टर, भेट. भेटीला स्वतःचा चौकोन दे, कारण औषधं आणि फी तिलाच चिकटतात. आणि हे काय, रुग्णाची ओळख मोबाइल नंबरवर ठेवलीस? अगं, एका नंबरावर आजी, सून आणि दोन नातवंडं येतात! सुनेचा खोकला आजीच्या कागदावर चढेल. रुग्णाला वेगळा क्रमांक दे, मोबाइल नुसता निरोपापुरता.

बघ, जमतंय की तुला. ज्या टेबलाला एका शब्दात नाव देता येत नाही, ते आज बाजूला काढ. साहेबांच्या आधी हा कागद दवाखान्याच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना दाखव, आणि त्या बोलतील तेव्हा मधे बोलू नकोस. पेनानं काढू नकोस हं. ही घे माझी पेन्सिल, पण सोमवारी परत हवी.