अफू आणि कायदा

आपण म्हणतो, "त्याला अफूची गोळी दिली." म्हणजे भुलवून गप्प बसवले. पूर्वी अशी गोळी खरोखरच देत. आईला कामावर जावे लागे. बाळ रडू नये म्हणून ती त्याला बाळगोळी चाटवी. तीत अफू असे. बाळ निजे. काही बाळे पुन्हा उठलीच नाहीत.

इंग्रजांनी १८७८ साली अफूचा कायदा केला. पण परवान्याची दुकाने चालूच राहिली. सरकारला त्यातून पैसा मिळे.

१९८५ साली आपल्या देशाने कडक कायदा केला. मोठा साठा सापडला, तर निदान १० वर्षे कैद. २०२३ साली नाशिकजवळ शिंदे गावात एमडी नावाच्या नशेच्या पुडीचा कारखाना पोलिसांनी पकडला. ती पूड अफूची नव्हे, पण कायदा हाच.

मग व्यसन लागलेल्या मुलाला घरात लपवावे का? आम्ही सांगतो, लपवू नका. कलम ६४-अ पाहा. जवळ थोडाच माल होता, मुलगा आपण होऊन दवाखान्यात गेला, उपचार पुरा केला, तर त्याच्यावर खटला होत नाही. उपचार अर्धा सोडला, तर ही सवलत जाऊ शकते.

कॅन्सरच्या कळांवर मॉर्फिन देतात. तेही अफूपासूनच होते. कायद्याच्या धाकाने दवाखाने ते ठेवीनात. रोगी तळमळत. म्हणून २०१४ साली कायदा सुधारला. डॉक्टरांनी लिहून दिले, तर भिऊ नका.

विकणाऱ्याला तुरुंग, आजाऱ्याला दवाखाना, हे आपण ध्यानात ठेवू. व्यसन सोडवण्यासाठी १४४४६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.

वाचा व लिहा : अफू, कायदा, कलम, उपचार.